अन्नस्वावलंबन आणि परराष्ट्रधोरण

परराष्ट्रधोरण राजधानीत ठरते; ते पेलण्याचे बळ मात्र शेतात व कोठारात निर्माण होते. भारताचा १९६५ ते १९७१ या काळातील अनुभव याची साक्ष देतो.

लागोपाठच्या दोन अवर्षणांमुळे १९६६ मध्ये सुमारे १ कोटी टन धान्य आयात करावे लागले. त्यातील बराचसा गहू अमेरिकेच्या ‘पी. एल. ४८०’ योजनेखाली येत असे. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी हा पुरवठा थोडाथोडा सोडण्याचे धोरण ठेवले. भारताने शेतीकडे अधिक लक्ष द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. शिवाय व्हिएतनाम युद्धावरील भारताची टीका त्यांना रुचलेली नव्हती.

पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या कारकिर्दीत कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी नव्या धोरणाचा पाया घातला. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ व कृषी मूल्य आयोग स्थापन झाले. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आले. श्रीमती इंदिरा गांधी यांनी हेच धोरण पुढे चालविले. १९६४-६५ मध्ये सुमारे १.२ कोटी टन असलेले गव्हाचे उत्पादन १९६९-७० मध्ये २ कोटी टनांवर गेले.

९ ऑगस्ट १९७१ रोजी भारत-सोव्हिएत मैत्री करार झाला. डिसेंबरच्या युद्धात अमेरिकेने आर्थिक मदत रोखली. परंतु १९६६ प्रमाणे धान्यासाठी हात पसरण्याची वेळ देशावर आली नाही.

एका नेतृत्वाने पेरलेल्या निर्णयाचे फळ दुसऱ्याच्या काळात हाती येते. ते येण्यासाठी धोरणातील सातत्य, आणि गावपातळीवर ते राबविणारे शेतकरी व विस्तार कर्मचारी, हे दोन्ही आवश्यक असतात.