एकच मागणे पुन्हा पुन्हा का?

प्रश्न : आमच्या इमारतीत एक मराठी ख्रिस्ती कुटुंब राहते. दर आठवड्याला त्यांच्याकडे घरसभा असते. त्या घरातले आजोबा कित्येक वर्षे एकच मागणे मागत आहेत : मुलाची दारू सुटावी. दारू सुटलेली नाही आणि आजोबांची प्रार्थनाही थांबलेली नाही. देवाला एकदा सांगून पुरत नाही का? त्यांनी मला नवा करार वाचायला दिला. त्यात येशूची गोष्ट संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, तीही चार वेळा! हे शुभवर्तमान समजून घ्यायचे तरी कसे?
— एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : तुमचे प्रश्न दोन असले तरी त्यांच्या मुळाशी शंका एकच आहे : एवढा वेळ का लागावा? आधी प्रार्थनेचे पाहू.

प्रार्थना म्हणजे देवाकडे केलेला अर्ज आणि तीच प्रार्थना पुन्हा करणे म्हणजे स्मरणपत्र, असे आपण सहज धरून चालतो. ही समजूत येशूने स्वतःच खोडली आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनात, तो शब्दांची रास रचू नका असे बजावतो. तुम्ही मागण्याआधीच पित्याला तुमची गरज ठाऊक असते, असे सांगतो. त्यानंतर तो जी प्रार्थना शिकवतो, ती म्हणायला अर्धा मिनिटही लागत नाही.

मग हाच येशू चिकाटीने मागायला का सांगतो? लूकच्या अठराव्या अध्यायात एका विधवेचा दाखला आहे. न्यायाधीश असा, की देवाला भीत नाही आणि माणसांची पर्वा करत नाही. ती बाई न्याय मागायला त्याच्याकडे येतच राहते. शेवटी तिच्या रोजच्या येण्याला कंटाळून तो तिला न्याय देतो. पुष्कळ जण इथे चकतात. न्यायाधीश म्हणजे देव आणि त्याच्या मागे लागले की तो वाकतो, असा अर्थ ते काढतात. दाखल्याचा रोख उलटा आहे. असला निर्दय माणूससुद्धा अखेर ऐकतो, तर ज्याला तुमची काळजी आहे तो ऐकणार नाही का, असा तो युक्तिवाद आहे. येशूने हा दाखला माणसांनी खचून जाऊ नये म्हणून सांगितला, हे लूक सुरुवातीलाच नमूद करतो. म्हणजे चिकाटीची गरज मागणाऱ्याच्या मनाला आहे.

त्याला लागूनच परूशी, म्हणजे कर्मठ यहुदी, आणि जकातदार यांचा दाखला येतो. परूशी प्रार्थनेत आपले उपवास आणि दानधर्म मोजून दाखवतो; जकातदार फक्त दयेची याचना करतो आणि देवाला तोच मान्य होतो. तेव्हा पुष्कळ प्रार्थना केली की पुण्याची शिल्लक वाढते, हाही गैरसमज इथेच मिटतो.

दुसरा घोटाळा नवसाचा. नवसात अट असते : हे झाले तर ते करीन. वांद्र्याच्या मतमाउलीला सर्व धर्मांचे लोक मेणबत्त्या वाहतात आणि मनातले मागतात, त्यांच्या भावनेचा मी आदरच करतो. पण शुभवर्तमानातल्या प्रार्थनेचा नमुना पाहायचा, तर गेथशेमाने बागेत जावे लागते. पकडले जाण्याच्या रात्री येशू आपल्यावरचे संकट टळावे असे उघडपणे मागतो आणि त्याच दमात, पित्या, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे, असेही म्हणतो. संकट टळले नाही. पुढे प्रेषित पौलानेही आपल्या देहातला एक काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, तो सोसण्याइतकी कृपा मिळाली, असे तो करिंथकरांना लिहितो. मागितलेले न मिळणे हा विश्वासावरचा नवा आक्षेप नाही. तो अनुभव नव्या करारात आधीपासूनच नोंदलेला आहे.

प्रार्थना करणारा हातावर हात ठेवून बसतो, असे मात्र समजू नका. पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थना हा दिवसाचा पायाच होता. पण १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली व विधवांना त्यांनी आश्रयाला आणले. त्यांच्यासाठी निवारा, शिक्षण आणि हाताला काम उभे केले. देवापुढे ज्यांची नावे घ्यायची, त्यांना वाऱ्यावर सोडता येत नाही, हे त्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते.

आजोबांचेही असेच असावे. व्यसनी माणसाच्या घरात एक दिवस असा येतो, की सगळे त्याच्यावरची आशा सोडतात. रोज देवापुढे मुलाचे नाव घेणाऱ्या बापाला ते जमत नाही. त्याचे दार मुलासाठी उघडे राहते. व्यसनमुक्तीचे उपचार आणि समुपदेशन यांची जागा प्रार्थना घेत नाही. दोन्ही बरोबरीने चालायला हवे. ते थकवणारे काम वर्षानुवर्षे रेटण्याचे बळ आजोबांना प्रार्थनेतून मिळत असेल, तर तिला निष्फळ कसे म्हणायचे? मागणे कधी पुरे होणार, असे त्यांना विचारू नका. मुलगा कसा आहे, एवढे विचारा.

आता शुभवर्तमानाचे. एकच गोष्ट चौघांनी चार वाचकवर्गांपुढे ठेवली आहे. मार्क सर्वांत आटोपशीर, १६ अध्यायांचा. त्यात घटना वेगाने घडतात. मत्तय यहुदी शास्त्रवचनांचे धागे जोडत जातो. आपण सर्व गोष्टींचा नीट शोध घेऊन लिहीत आहोत, असे लूक प्रारंभीच सांगतो. गरीब आणि स्त्रिया त्याच्याकडे ठळकपणे भेटतात. योहान घटना कमी घेतो आणि त्यांच्या अर्थावर रेंगाळतो. चारांची मिळून एक सलग कथा करण्याचा प्रयत्न दुसऱ्या शतकात तातियान याने केला आणि ती कथा सिरियातल्या मंडळ्यांत बराच काळ चाललीही. तरी अखेर टिकल्या त्या चार साक्षीच.

शुभवर्तमान पहिल्या वाचनात कळले नाही म्हणून खट्टू होऊ नका. पेरणाऱ्याचा दाखला प्रत्यक्ष येशूच्या तोंडून ऐकूनही शिष्यांना त्याचा अर्थ एकांतात विचारावा लागला. आपल्याकडचे उदाहरण टिळक पतीपत्नींचे. कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. तरीही विचारांत आणि घालमेलीत काळ गेला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. त्या काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. पुन्हा संसार सुरू झाल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. पुढे जातिभेद माणसाने केलेला आहे, हे त्यांचे त्यांनाच पटले, शिवाशीव सुटली आणि मग त्याही ख्रिस्ती झाल्या. १९१९ साली टिळक गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. एकाच घरात, एकाच पुस्तकापुढे, दोघांची चाल वेगवेगळी होती. म्हणून कुणाचा विश्वास कमअस्सल ठरला नाही.

तुम्ही मार्कपासून सुरुवात करा. एका सुट्टीच्या दुपारी तो सहज वाचून होतो. मग लूक घ्या. अडेल तिथे पेन्सिलीने खूण करा. भाषा जड वाटली, तर सोपे भाषांतरही आहे : रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, छापले गेले. टिपांची मदत हवी असेल, तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ पाहा. वाचले म्हणजे धर्म बदलावा लागतो, ही भीती मनात ठेवू नका. गांधीजींनी डोंगरावरील प्रवचन मनापासून वाचले आणि ते हिंदूच राहिले. खुणांची यादी झाली की घरसभेला जा आणि विचारा. ज्यांनी पुस्तक दिले, त्यांना तुमच्या शंकांचा आनंदच होईल, कारण शंका त्यालाच येतात ज्याने खरोखर वाचलेले असते.