रबराच्या पिळावर उडणारे विमान

विमान म्हटले की आपल्या दृष्टीपुढे यंत्रांचा गडगडाट आणि अफाट खर्च उभा राहतो. ही विद्या मोठ्या शहरांची, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या आपल्या खकनारची नव्हे, असेही वाटू लागते. हा समज कितपत खरा आहे, ते पाहू.

१८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी उद्यानात आल्फाँस पेनो या तरुणाने पिळलेल्या रबरावर चालणारे एक चिमुकले विमान उडविले. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. १८७८ साली विल्बर व ऑर्व्हिल राइट या बंधूंना त्यांच्या वडिलांनी पेनोच्याच कल्पनेवरून केलेले एक उडते खेळणे आणून दिले. ते बांबू, बूच व कागद यांचे होते. मुलांनी त्याच्या प्रतिकृती केल्या. पण आकार वाढवावा तसतशा त्या नीट उडेनात. आकार दुप्पट केला तर शक्ती सुमारे आठपट लागते, हे त्या वयात त्यांना ठाऊक नव्हते. पुढे १७ डिसेंबर १९०३ रोजी याच बंधूंनी माणसासह विमान उडविले. ते पहिले उड्डाण १२ सेकंदांचे व सुमारे ३७ मीटरांचे होते. म्हणजे पेनोच्या खेळण्याहूनही थोडे कमीच!

आता कृतीकडे वळू. अशा विमानास बाल्सा हे लाकूड उत्तम. ते उष्ण कटिबंधातील अमेरिकेचे. वजनाने सागवानाच्या सुमारे चौथा हिस्सा. ते न मिळाल्यास बांबूच्या बारीक, सारख्या तासलेल्या काड्यांचा सांगाडा करून त्यावर पतंगाचा कागद चिकटवावा. सुमारे २५ सेंटिमीटरांचा सरळ दांडा, ३० सेंटिमीटर लांब व ६ सेंटिमीटर रुंद पंख, मागे आडवे व उभे शेपूट, पुढे १५ सेंटिमीटरांचा हलका फिरता पंखा, एवढे भाग पुरतात. फिरत्या पंख्याचा आकडा व दांड्याच्या मागील टोकाचा तारेचा आकडा यांमध्ये रबराची फीत अडकवावी.

पंखांची टोके मध्यापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर वर उचललेली असावीत. आम्ही मूळचे किनाऱ्याकडचे. आमच्या कोकणीभाषक गावांत होडीला उलांडी बांधतात, ती होडीला कलंडू देत नाही. उचललेले पंख हवेत तेच काम करतात. उभे शेपूट दिशा राखते, आडवे शेपूट नाकाचा चढउतार आवरते.

पीळ देण्यापूर्वी तोल पाहावा. पंखाच्या पुढील कडेपासून सुमारे एक तृतीयांश अंतरावर दोन्ही बाजूंना बोटे टेकवली असता विमान आडवे राहिले पाहिजे. मग गवतावर, वाऱ्याच्या समोर तोंड करून, ते हलकेच सोडावे. नाक वर करून मध्येच बसले तर पंख किंचित मागे सरकवावा. थेट खाली झेपावले तर पुढे. एका वेळी एकच बदल करावा. दोन केले तर कोणत्याचा गुण आला हे कळत नाही.

तरंगणे साधले की पन्नास वेढे द्यावेत, मग हळूहळू वाढवावेत. पीळ ताजा असताना रबराचा जोर सर्वांत अधिक असतो. फिरता पंखा उजवीकडे फिरला की विमानाचे अंग डावीकडे कलू पाहते. म्हणून त्याचा आस थोडा उजवीकडे वळवावा. अधिक वेढे म्हणजे अधिक उंची, असे पुष्कळांस वाटते. परंतु ज्याचा तोल बिघडलेला आहे, त्यास जोर दिल्याने ते केवळ अधिक वेगाने आपटते.

राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात विमानांच्या प्रतिकृती करण्याचे शिक्षण दिले जाते. तेथे जाण्याची संधी प्रत्येकास मिळेलच असे नाही. पण ज्या बांबूने व कागदाने राइट बंधूंचे कुतूहल जागे केले, तो बांबू व तो कागद आपल्याही हाताशी आहे. वारा पडलेला असेल अशा सकाळी मैदानावर या. विमान पडले तर ते कोणत्या बाजूस पडले हे वहीत टिपून ठेवा, मगच ते उचला.