हापशाची सळई का तुटते?

ग्रामीण भागात विंधन विहिरीवरील हातपंप, म्हणजेच नित्याच्या बोलीतील हापसा, बंद पडला की दुरुस्ती पथकाची वाट पाहणे सुरू होते. पथक येते, विहिरीतील नळ एकामागून एक वर काढले जातात, तुटलेली सळई बदलली जाते आणि जुनी भंगारात जाते. मध्यंतरीच्या काळात स्त्रियांची पायपीट वाढलेली असते. काही महिन्यांनी नवी सळईही त्याच जोडाजवळ तुटते. ‘माल हलका होता’ असा शेरा नोंदवहीत पडतो व प्रकरण मिटते. वस्तुतः भंगारात गेलेला तो तुकडा हाच या घटनेचा एकमेव साक्षीदार असतो.

माल खरोखरच हलका होता काय, हे साध्या हिशेबाने पडताळता येते. पाण्याची पातळी ३० मीटर खोल असल्यास ६३.५ मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर पाण्याचा भार सुमारे ९५ किलोग्रॅम येतो. १२ मिलिमीटर जाडीच्या सळईचे स्वतःचे वजन सुमारे २७ किलोग्रॅम. दोन्ही मिळून १२० किलोग्रॅमच्या आसपास. उलटपक्षी, साध्या पोलादाची हीच सळई, आटे पाडल्यामुळे बारीक झालेल्या जागीदेखील, नुसती ओढून तोडावयाची तर तीन हजार किलोग्रॅमहून अधिक ताण द्यावा लागेल. पंचवीसपट सामर्थ्य असलेली वस्तू केवळ भाराने तुटत नाही.

ती तुटते ती थकव्याने. मिनिटास ४० वेळा व दिवसातून आठ तास दांडा हलला, तर दिवसाला १९,२०० आणि वर्षाला सुमारे ७० लाख वेळा सळईवर ताण येतो व जातो. लोखंडी तार हाताने ओढून तुटत नाही, पण मागेपुढे वाकवीत राहिल्यास तुटते, हा प्रयोग शिक्षकांना वर्गात सहज दाखविता येईल. तारेतील वाक डोळ्यांना दिसतो. सळईतील दिसत नाही, एवढाच फरक. आट्याच्या खाचेत, गंजाच्या खड्ड्यात किंवा हत्याराच्या ओरखड्याजवळ ताण एकवटतो, तेथे केसाएवढी भेग पडते आणि ती महिनोन्‌महिने आत सरकत राहते.

हे ज्ञान जगाला महागात पडले आहे. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडून पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. त्यानंतर १८४३ मध्ये रँकिन या तरुण अभियंत्याने मोडलेल्या आसांचा अभ्यास मांडला. आसाची जाडी जेथे एकदम बदलते, त्या कोपऱ्यातून भेग आत शिरते, असे त्याने दाखविले. पुढे जर्मन अभियंता व्होलर याने आसांवर दीर्घकाळ प्रयोग करून ताणाच्या चढउताराचे महत्त्व सिद्ध केले.

हातपंपाच्या इतिहासातही हीच कथा आहे, आणि तिचा एक धागा महाराष्ट्रात आहे. पूर्वीचे बिडाचे पंप परदेशातील एका कुटुंबापुरत्या वापराच्या नमुन्यावर बेतलेले होते. येथे त्यांवर शेकडो माणसे पाणी भरू लागली. ठिसूळ दांडे मोडले, खिळी झिजल्या. १९७४ च्या सुमारास युनिसेफच्या पाहणीत चारांपैकी सुमारे तीन पंप बंद आढळले. जालना व सोलापूर येथे तयार झालेल्या पोलादी पंपांनी या दोषांच्या मुळाशी हात घातला. सोलापूरच्या पंपात दांड्याच्या टोकाला वर्तुळखंड व साखळी बसविल्यामुळे सळई सरळ रेषेत वर उचलली जाऊ लागली. दांडा गोल फिरतो म्हणून सळईलाही वाकावे लागे, ते टळले. याच पंपाच्या आधारे ‘इंडिया मार्क टू’ विकसित झाला आणि १९७९ मध्ये त्यासाठी भारतीय मानक ठरविण्यात आले. धातू अधिक जाड करण्यापेक्षा अनावश्यक वाक काढून टाकणे किती श्रेयस्कर, हे येथे दिसते.

आता तुटलेल्या तोंडाकडे वळू. साधे भिंग व सूर्यप्रकाश एवढी सामग्री पुरे. थकव्याने तुटलेल्या तोंडाचे बहुधा दोन भाग दिसतात. एक गुळगुळीत, काळपट वा गंजलेला. त्यावर शिंपल्यावरील रेषांसारख्या कमानी असतात आणि त्या जेथून पसरतात तेथे भेगेचा आरंभ असतो. दुसरा खरबरीत व ताजा, शेवटच्या क्षणी तुटलेला. हा खरबरीत भाग लहान असेल, तर भार थोडाच होता असे समजावे; तो मोठा असेल, तर भारही जास्त होता. तोंड मानेसारखे बारीक होऊन तुटले असल्यास मात्र एकदम जबर ओढ बसली, बहुधा दट्ट्या अडकला, असा तर्क करावा.

आरंभ आट्याच्या मुळाशी आढळल्यास जोड पूर्ण आवळला होता का, अडकनट घट्ट होता का, आटे जागेवर घाईने पाडलेले होते का, हे पाहावे. सैल जोडात सळई प्रत्येक हापशाला हिसका खाते. वाकलेली सळई ठोकून सरळ करून पुन्हा वापरणे ही काटकसर नव्हे. तोंडाभोवती गंजाचे खड्डे असतील तर पाणी तपासावे, आम्लता ६.५ सामूच्या खाली गेल्यास जस्ताचा मुलामा टिकत नाही आणि तेथे निष्कलंक पोलादाची सळईच योग्य ठरते.

तुकडे मिळताच ते एकमेकांस जुळवून पाहण्याचा मोह सर्वांना होतो. तो आवरावा, कारण घासल्याने कमानी पुसल्या जातात. तारेचा ब्रशही लावू नये. दोन्ही तुकडे कोरडे करून कागदात वेगवेगळे गुंडाळावेत व चिठ्ठीवर तारीख, विहिरीची खोली, वरून कितवा जोड आणि सळई केव्हा बसविली, एवढे लिहावे. सळई सांधून पुन्हा बसविणे तर सर्वथा टाळावे. सांध्याजवळचा धातू उष्णतेने बदलतो व नवी भेग तेथूनच निघते.

मार्क टूमध्ये वरचे नळ दट्ट्यापेक्षा अरुंद असल्याने सळई पाहण्यासाठी सर्व नळ उपसावे लागतात. १९८० च्या दशकात चाचण्या झालेल्या मार्क थ्रीमध्ये नळ रुंद केल्यामुळे दट्ट्या व सळया नळ न काढता वर घेता येतात. असा पंप असलेल्या ग्रामपंचायतीस उन्हाळ्यापूर्वी एक दिवस काढून प्रत्येक जोडाचे आटे पाहता येतील आणि भेग सापडल्यास ती सळई मोडण्याआधीच बदलता येईल.