इंग्रजीचं क्रियापद आणि आपलं ‘मला’

व्हायवाला प्रश्न कळतो, उत्तरही येत असतं, पण वाक्य काही तोंडातून बाहेर पडत नाही. दहावीपर्यंत मराठी किंवा उर्दू माध्यमात शिकलेल्यांना हे नवीन नाही. मग आपण म्हणतो, ‘व्होकॅब्युलरी कमी पडते.’ खरं म्हणजे शब्द बहुतेक वेळा पुरेसे असतात, अडतं ते जोडणीत. क्रियापदाजवळ सर्वनाम कुठे ठेवायचं आणि विशेषण कुठे, एवढं पक्कं झालं तरी बरीच भीती जाते. चला तर मग, आधी आपली भाषा काय करते ते पाहू.

१) मराठीत प्रत्यय, इंग्रजीत जागा

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापून आलं, मोरो केशव दामल्यांचं १९११ साली. याच परंपरेतले कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग आपण शाळेत घोकले. ते इथे कामाला येतात. ‘मी आंबा खाल्ला’, पण ‘मी पोळी खाल्ली’. खाणारा तोच, तरी क्रियापद बदललं, कारण ते कर्माप्रमाणे चाललं. विशेषणही तसंच: चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं काम.

इंग्रजीत ‘आय एट अ मँगो’, ‘आय एट अ चपाती’. ‘एट’ जागचं हलत नाही, ‘गुड’ही सगळीकडे ‘गुड’च राहतं. सर्वनामामुळे क्रियापद बदलतं ते फार थोडं. साध्या वर्तमानकाळात ही, शी, इट किंवा एकवचनी नाम आलं की शेवटी ‘एस’ लागतो, आणि अ‍ॅम, इज, आर, वॉज, वेअर एवढी रूपं.

मग कोणी केलं आणि कोणाला केलं, हे कळतं कसं? जागेवरून! ‘सापाने उंदीर खाल्ला’ आणि ‘उंदीर सापाने खाल्ला’, अर्थ एकच. पण ‘द स्नेक एट द रॅट’मधल्या जागा बदलल्या की उंदीरच सापाला खातो.

२) ‘मला’चं काय करायचं?

आपण म्हणतो ‘मला भूक लागली’. आपले उर्दू-हिंदी बोलणारे मित्र म्हणतात ‘मुझे भूख लगी है’, आणि पद्मशाली घरातला तेलुगू मित्र म्हणतो ‘नाकु आकली वेस्तोंदि’. भिवंडीच्या एकाच गल्लीत तीन भाषा, पण तिघांनाही भूक ‘मला’च लागते. म्हणून तिघांचीही अडचण एकच. इंग्रजीत क्रियापदाच्या आधीची जागा ‘आय’ची आहे.

मला भूक लागली: आय अ‍ॅम हंग्री.
मला ताप आहे: आय हॅव अ फीव्हर.
मला सी प्रोग्रॅमिंग येतं: आय नो सी प्रोग्रॅमिंग.

गंमत बघा, इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’. तो क्रियापदाच्या नंतर येतो: ‘टेल मी’, ‘हेल्प मी’.

आता नेहमीची चूक: ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’. ही येते कुठून? ‘मी सहमत आहे’मध्ये ‘सहमत’ हे विशेषण आहे, म्हणून त्याला ‘आहे’ लागतं. इंग्रजीत ‘अ‍ॅग्री’ स्वतःच क्रियापद आहे, त्याला ‘अ‍ॅम’ची गरज नाही. म्हणायचं नुसतं ‘आय अ‍ॅग्री’.

३) क्रियापदानंतर विशेषण

फील, लुक, साउंड, स्मेल, टेस्ट, बिकम यांच्यानंतर कर्त्याचं वर्णन करायचं असेल तर थेट विशेषण येतं: ‘द बेअरिंग फील्स हॉट’. इथे ‘हॉटली’ चालत नाही. तसंच ‘आय अ‍ॅम बोअरिंग’ म्हणजे ‘मी कंटाळवाणा माणूस आहे’. मुलाखतीत तरी असं सांगू नका! कंटाळा तुम्हाला आला असेल तर ‘बोअर्ड’.

४) क्रियापद, सर्वनाम, विशेषण

मेक, कीप, लीव्ह, फाइंड ही चार क्रियापदं इंजिनिअरला रोज लागतात. क्रम एकच: आधी क्रियापद, मग वस्तू किंवा सर्वनाम, मग विशेषण. ‘कीप इट ड्राय’, ‘कीप द यार्न टाइट’.

क्रम चुकला तर नुसते मार्क जात नाहीत. उद्या तुमच्यापैकी कोणी एखाद्या सायझिंगमध्ये बॉयलरच्या लॉगबुकात नोंद करेल. ‘ही लेफ्ट द व्हॉल्व्ह ओपन’ म्हणजे तो व्हॉल्व्ह उघडा ठेवून गेला. ‘ही लेफ्ट द ओपन व्हॉल्व्ह’ म्हणजे तो उघड्या व्हॉल्व्हपासून निघून गेला. पहिल्या वाक्यात कोणी काय केलं ते कळतं, दुसऱ्यात व्हॉल्व्ह कोणी उघडा ठेवला याचा पत्ताच नाही. पुढच्या पाळीचा माणूस तुमची नोंद वाचूनच काम सुरू करणार आहे.

‘मला सकाळी उठणं अवघड जातं’ याचं इंग्रजी ‘आय फाइंड इट डिफिकल्ट टु गेट अप अर्ली’. या ‘इट’ला मराठीत शब्दच नाही. ते फक्त जागा धरून बसतं, खरी गोष्ट मागून येते. पण ते गाळलं तर वाक्य लंगडं होतं.

५) ‘टर्न ऑफ इट’ नको

‘टर्न ऑफ द मोटर’ आणि ‘टर्न द मोटर ऑफ’, दोन्ही बरोबर. पण सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: ‘टर्न इट ऑफ’. ‘स्विच इट ऑन’, ‘पिक देम अप’ हेही तसेच. लॅबमध्ये घाईच्या वेळी हेच शब्द ओरडावे लागतात, तेव्हा तोंडात बसलेले बरे.

सराव (आधी उत्तरं झाका!)

१. निकाल बघून मला आश्चर्य वाटलं.
२. खोली स्वच्छ ठेव.
३. पंखा चालू होता. मी तो बंद केला.
४. मी तुमच्याशी सहमत नाही.

उत्तरं: १. आय वॉज सरप्राइज्ड टु सी द रिझल्ट. २. कीप द रूम क्लीन. ३. द फॅन वॉज ऑन. आय टर्न्ड इट ऑफ. ४. आय डू नॉट अ‍ॅग्री विथ यू.

रूममेटबरोबर रोज अशी पाच वाक्यं मोठ्याने म्हणा. आणि सर-मॅडम, एक विनंती: विद्यार्थी अडखळला तर त्याला उत्तर येत नाही असं लगेच समजू नका. कदाचित तो अजून ‘मला’ला जागा शोधत असेल.