कुलूप लावलेल्या घराचं उघडं पॅनेल

कोकणातल्या वीर स्टेशनच्या आजूबाजूच्या वाड्यांत वर्षातले दहा महिने कुलूप असलेली घरं पुष्कळ. माणसं मुंबई-ठाण्याला, गणपती आणि शिमग्याला येणार. आता या घरांत कॅमेरे आहेत, विहिरीवरची मोटर मोबाइलवरून चालते, पडवीतला दिवा ठाण्यातून लागतो. ही जोडणी करून देणं आणि तपासणं हे माझं काम. त्यातून कळलेलं थोडं.

१. तपासणी घराबाहेरून करायची. घरच्या वाय-फायवर पॅनेल, म्हणजे ही यंत्रं चालवण्याचं पान, उघडणारच, त्यातून काही सिद्ध होत नाही. फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर यायचं आणि राउटरचा बाहेरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकायचा, पुढे पोर्टचा आकडा. होम असिस्टंट हा घर चालवणारा प्रोग्राम असेल तर ८१२३, इतरांना बहुधा ८० किंवा ८०८०. लॉगिनचं पान आलं, म्हणजे ते साऱ्या जगाला येतंय. (डोंगराकडच्या वाड्यांत या तपासणीसाठी रेंज शोधत बांधापर्यंत जावं लागतं, तो भाग निराळा.)

२. आत काय काय आहे हे मालकाला विचारू नये, एनमॅपला विचारावं. १९९७ पासूनचं हे फुकट साधन घरच्या नेटवर्कवरचं प्रत्येक यंत्र आणि त्याचे उघडे पोर्ट दाखवतं. मालक कॅमेरे मोजतो. टीव्ही, इन्व्हर्टर आणि भाच्याने लावलेला स्मार्ट प्लग विसरतो.

३. “आमच्या वीरच्या घराकडे कोण बघतंय?” हा प्रश्न हमखास येतो. गाव कोणी बघत नाही, पत्ते बघतात, आणि तेही यंत्रं. २००९ पासून शोदान नावाचं शोधयंत्र इंटरनेटवरचे पत्ते ठोठावून कुठे काय उत्तर मिळतं ते नोंदवत आलं आहे. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने कारखान्यातले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले. २०१८ मध्ये ॲव्हास्ट या सुरक्षा कंपनीने उघडे एमक्यूटीटी सर्व्हर मोजले, तर ४९ हजारांहून जास्त निघाले आणि त्यांतल्या सुमारे ३२ हजारांना पासवर्डच नव्हता. एमक्यूटीटी म्हणजे दिवे, मोटर, सेन्सर यांच्यात निरोप नेणारी व्यवस्था, पोर्ट १८८३. ती उघडी असली की घरात माणूस आहे की नाही हे बसल्या जागी कळतं. आणि मे महिन्यात विहीर आटलेली असताना कोणी मोटर चालू करून ठेवली, तर ती जळायला चोर घरात शिरावा लागत नाही.

४. राउटरच्या पानावरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल, तर इंटरनेट कंपनीने एकच पत्ता अनेक घरांत वाटला आहे. बाहेरचा माणूस सरळ आत येत नाही. पण यावर निवांत झोपू नये. त्याच जोडणीवर आयपीव्ही६ चालू असेल तर प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो, आणि राउटरची फायरवॉल ढिली असली की सगळं मोकळं. तेही वेगळं तपासायचं.

५. पोर्ट उघडतो कोण? बहुतेक वेळा कॅमेरा लावणारा, “साहेब, फोनवर दिसायला पाहिजे ना” म्हणत. नाहीतर राउटरमधली यूपीएनपी ही आपोआप पोर्ट उघडणारी सोय, कोणालाही न विचारता. त्याने उघडलेला पोर्ट आणि यूपीएनपी, दोन्ही बंद करायचं. बाहेरून बघायचंच असेल तर टेलस्केल किंवा वायरगार्डसारखं व्हीपीएन.

६. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं कॅमेऱ्याचं चित्रण विकलं जात असल्याचं उघड झालं. पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीचे तरुण होते. पासवर्ड होता ‘ॲडमिन१२३’. नवा पासवर्ड नको म्हणणाऱ्या मालकाला मी एवढंच सांगतो.

७. दुसऱ्याचं पॅनेल उघडं सापडलं तर आत बोट घालू नये. परवानगीशिवाय शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ चा भंग आहे, आणि ते अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने केलं तर कलम ६६ खाली गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओळखीचा असेल तर फोन करावा, नसेल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवावं.