कोकणात हिवाळा काढायचा, तर गाडी उभी राहण्याचे पैसे आधी मोजा

डिसेंबर-जानेवारीत नीरा खोऱ्यातली पहाट चांगलीच बोचते. कालव्याकडेच्या वस्त्यांवर पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, गुडघे धरतात, दमेकऱ्यांची रात्र बसून जाते. घाट उतरून गुहागरला गेलं, की त्याच पहाटेला १८-२० अंशांची ऊब असते. म्हणून सोमेश्वरनगर, वाणेवाडी, निंबूत, करंजे भागातली निवृत्त मंडळी, भजनी मंडळं, भिशीचे गट आता दोन दिवसांच्या सहलीऐवजी आठ-दहा दिवस समुद्राकाठी राहण्याचा विचार करू लागले आहेत. विचार उत्तम आहे. मात्र खर्चाचा अंदाज बहुतेक जण किलोमीटरच्या दरावरून बांधतात आणि तिथेच फसतात. खरा खर्च ठरवतात दोन गोष्टी: गाडी किती दिवस उभी राहते आणि किती सीट रिकाम्या जातात.

खालच्या हिशेबातले भाडे, भत्ता, खोली आणि जेवणाचे दर मी गणितासाठी धरलेले आहेत. तुम्हाला मिळालेला दर त्या जागी घाला. गणित तेच राहील.

सोमेश्वरनगरहून नीरा, लोणंद, सालप्याचा घाट, वाठार स्टेशन, सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि गुहागर असा रस्ता धरला, तर एका बाजूचं अंतर सुमारे २५० किलोमीटर. उंब्रजलाच महामार्ग सोडून मल्हारपेठमार्गे पाटण गाठलं, तर पुढचा तासवडे टोलनाका लागतच नाही. जाऊन-येऊन ५००, तिथे फिरायला २००, म्हणजे ७०० किलोमीटर. १७ सीटची एसी ट्रॅव्हलर किलोमीटरला २६ रुपयांनी मिळाली, तर ७०० गुणिले २६ म्हणजे १८,२०० रुपये, असं आपण मनात धरतो.

बिल तसं येत नाही. बाहेरगावच्या भाड्याला दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरण्याची पद्धत आहे, गाडी तेवढी चालो वा न चालो. काही ठिकाणी २५० धरतात, ते घासाघीस करून मिळू शकतं. पाच दिवसांचे ३०० प्रमाणे १,५०० किलोमीटर, म्हणजे ३९,००० रुपये. चालकाचा भत्ता दिवसाला ५०० धरला तर २,५००. टोल, पार्किंग, फेरीबोट यांना १,५०० ठेवा. एकूण ४३,०००. पंधरा जण असतील तर माणशी सुमारे २,८७० रुपये. चौघांनी आयत्या वेळी पाय मागे घेतला आणि अकराच उरले, तर तेच ३,९१० वर जातं. आणि यातले २०,८०० रुपये न चाललेल्या किलोमीटरचे आहेत.

यात मालकाची लबाडी आहे असं समजू नका. गाडी तुमच्याकडे अडकली की हप्ता, विमा आणि चालकाचा पगार थांबत नाही. पण तुमच्या खिशाचा विचार तुम्हीच करायचा आहे.

दिवस कसा मोजतात हेही विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी तो कॅलेंडरचा असतो, रात्री बारा ते रात्री बारा. “रात्री दहाला निघू, पहाटे पोचू” या बेतात दोन तासांसाठी अख्खा एक दिवस बिलात वाढतो, शिवाय कुंभार्ली घाट अंधारात उतरावा लागतो. पहाटे पाचला निघा. मात्र गळीत हंगामात त्या वेळी नीरा रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर असतात, अनेकांना मागे दिवा नसतो. नीरा ओलांडेपर्यंत चालकाला घाई करायला लावू नका.

तिसरी बाब म्हणजे मीटर कुठून सुरू होतो. गाडी बारामतीहून किंवा पुण्याहून येणार असेल, तर तिच्या गॅरेजपासून परत गॅरेजपर्यंतचे किलोमीटर तुमच्या माथी येतात. दूरचा दर रुपया-दोन रुपयांनी कमी दिसला तरी हा फेरा मोजल्यावर नीरेची किंवा वडगाव निंबाळकरची गाडी स्वस्त पडू शकते.

दहा दिवस राहायचं असेल, तर

इथे गणित पूर्ण पालटतं. गाडी दहा दिवस जवळ ठेवली, तर ३,००० किलोमीटरचे ७८,००० आणि भत्त्याचे ५,०००, म्हणजे ८३,००० रुपये. तीच गाडी फक्त सोडायला आणि न्यायला बोलावली, तर प्रत्येक खेपेला दोन दिवस, म्हणजे ६०० किलोमीटर पडतात. दोन खेपांचे १,२०० किलोमीटर, ३१,२०० रुपये. चार दिवसांचा भत्ता २,०००. एकूण ३३,२००. जवळजवळ पन्नास हजार वाचतात. वेळणेश्वर, हेदवीचा दशभुज गणेश, अंजनवेलचा गोपाळगड पाहायला एखाद-दोन दिवस तिथलीच गाडी घ्या, उरलेले दिवस किनाऱ्यावर चाला. चार दिवसांपर्यंत गाडी जवळ ठेवा, त्यापुढे सोडून द्या, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. खेप एका दिवसात उरकून आणखी पैसे वाचवण्याचा मोह मात्र नको; एकाच चालकाने एका दिवसात ५०० किलोमीटर आणि दोनदा घाट करणं तुमच्याही जिवावर बेतू शकतं.

अंगात धमक असलेल्या गटाने एसटीकडे पाहावं. साध्या गाडीचं भाडं दर सहा किलोमीटरच्या टप्प्याला सुमारे १० रुपये, म्हणजे गुहागरपर्यंत माणशी साधारण ४२०. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि ७५ पुढच्यांना प्रवास मोफत. पंधरा जणांत आठ बायका, पासष्टीपुढचे चार पुरुष आणि पूर्ण तिकिटाचे तिघे असले, तर जाऊन-येऊन ७,५६० रुपयांत सगळ्यांचा प्रवास होतो. ज्येष्ठांनी आधार कार्ड जवळ ठेवावं. सातारा आणि चिपळूणला गाडी बदलणं, बोचकी चढवणं-उतरवणं हे याचं मोल आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं माणूस गटात असेल तर हा मार्ग नको. पन्नासेक माणसं असतील, तर एसटीची पूर्ण गाडी प्रासंगिक करारावर मिळते. त्याचा दर आगारातून लेखी घ्या आणि वरच्या सवलती त्यात धरू नका.

“झोपायची सोय असलेली गाडी” घ्यावी का?

मोबाइलवर परदेशातल्या घरगाड्या पाहून तरुण मुलं हा आग्रह धरतात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, अशा गाड्या भाड्यानेही मिळतात. पण एका गाडीत आरामात चार माणसं झोपतात, पंधरा नव्हेत. रात्री तिला वीजजोड, स्वच्छ पाणी आणि संडासाची टाकी रिकामी करायला जागा लागते; ते नसेल तर शेवटी लॉजच्याच आवारात उभी करून वेगळे पैसे मोजावे लागतात. दिवसाला १२,००० भाडं धरलं, तर पाच दिवसांचे ६०,००० आणि चौघांत माणशी १५,०००, डिझेल-जेवण वेगळं. नव्या जोडप्यांनी हौस म्हणून जरूर करावी. थोरामोठ्यांच्या गटाला ती परवडणारी नाही आणि सोयीचीही नाही.

दुसरा मोह आचारी आणि सिलिंडर गाडीत घेण्याचा. आपल्याकडे सोपानकाकांच्या पालखीबरोबर चालणाऱ्यांना सगळा शिधा सोबत नेण्याची सवय आहे, पण दिंडीत स्वयंपाकाचं सामान मालट्रकमध्ये असतं आणि माणसं पायी चालतात. बंद एसी गाडीत माणसांसोबत गॅस नेणं बेकायदा आणि जीवघेणं आहे. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईत उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यात चोरून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागून नऊ जणांचा जीव गेला. शिधा, भाकरीचं पीठ, चटण्या, पापड खुशाल न्या. चूल घरमालकाची वापरा. किनाऱ्याच्या गावांत घरगुती निवासाचे मालक स्वयंपाकघर वापरायला देतात किंवा आपल्या शिध्यावर करून देतात, दर आधी ठरवा. गटात माळकरी असतील, तर मासळीची भांडी वेगळी आहेत का, हा प्रश्न खोली ठरवतानाच विचारा. तिथे पोचल्यावर विचारलं की जेवणावरून मनं दुखावतात.

खोलीचं गणित असं: तिघांत एक धरून पाच खोल्या, चार रात्री, २,००० रुपये दर, म्हणजे ४०,०००. जीएसटी लावणारं ठिकाण असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर तो ५ टक्के आहे. जुना १२ टक्क्यांचा आकडा बिलात दिसला तर तिथेच बोट ठेवा. कर धरून ४२,०००, माणशी २,८००. जेवणखाण दिवसाला ५०० म्हणजे २,५००. मासळी खाणाऱ्यांनी सुरमई-पापलेटचा दर ताट मागवण्याआधी विचारावा, तो रोजच्या आवकेवर हलतो. गाडीचे २,८७० मिळवले, की पाच दिवसांची सहल माणशी ८,२०० च्या आसपास पडते. वर ५०० रुपये औषधपाण्याला सामायिक ठेवा.

विसार देण्याआधी गाडीची पाटी पाहा. पिवळ्या पाटीवर काळे आकडे असतील, तर ती भाड्याची. पांढऱ्या पाटीची गाडी ओळखीतून स्वस्त मिळते, पण भाडं घेऊन माणसं नेताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. फिटनेस, परमिट आणि विम्याची मुदत एम-परिवहन अॅपवर गाडीच्या नंबरवरून दिसते. पुढे गोव्यात जायचं ठरलं, तर गाडीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का ते पाहा. ते असेल तर राज्याच्या सीमेवर वेगळा प्रवासी कर भरावा लागत नाही. तो कर म्हणून कुणी पैसे मागितले, तर पावती मागा.

दर, किमान किलोमीटर, भत्ता, टोल कुणाचा, घाटात एसी चालू राहणार का, गाडी बिघडली तर दुसरी किती तासांत आणि रद्द केल्यास किती पैसे परत, एवढं सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या आणि समोरून “मान्य” असं उत्तर आल्यावरच पैसे पाठवा, तेही ऑनलाइन. निघताना आणि परत आल्यावर मीटरचा फोटो काढा. वाळूत गाडी उतरवायला चालकाला भरीस पाडू नका. भरतीत अडकली तर जेसीबीचा खर्च आणि नुकसान गटावर येतं. वाद झालाच, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. तिथे सुटला नाही, तर २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, गुहागरला हेलपाटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला फी नाही.

राहता राहिली तारीख. नाताळ ते २ जानेवारी या काळात किनाऱ्यावरचे दर खूप चढतात, तेवढे दिवस सोडा. ज्यांचा आडसाली ऊस आहे त्यांची तोड बहुधा तोवर आटोपलेली असते, आणि ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळण्याचा नियम असल्याने पहिली उचलही हातात येण्याची वेळ झालेली असते. संक्रांतीनंतरचा सोमवार ते शुक्रवार धरा: शाळा सुरू असतात, खोल्या मोकळ्या असतात आणि भाव तुम्हाला करता येतो. खोडव्याची तोड बाकी असलेल्यांनी तोडीची चिठ्ठी कधी लागेल ते कारखान्याच्या गट कार्यालयात विचारून मगच नाव द्यावं, कारण आयत्या वेळी रिकामी पडलेली त्यांची सीट बाकीच्यांना भरावी लागते.