क्रँकशाफ्टच्या पुलीचा घट्ट बसलेला बोल्ट

पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टरच्या पुढील बाजूने तेल गळू लागते, फॅन बेल्ट तेलाने माखून घसरू लागतो आणि तपासणीअंती क्रँकशाफ्टचे पुढील ऑइल सील झिजल्याचे आढळते. सील स्वस्त असते व ते बदलणेही फारसे अवघड नसते. परंतु त्यापर्यंत पोहोचण्यासाठी पुली काढावी लागते, आणि पुली ज्या एका बोल्टने बसविलेली असते तो काही केल्या हलत नाही. अशा वेळी शेतकरी बंधू छिन्नी व घण हाती घेतात. त्यामुळे पुष्कळदा सीलच्या किरकोळ कामाचे पर्यवसान क्रँकशाफ्टच्या मोठ्या खर्चात होते.

हा बोल्ट इतका घट्ट का असतो, हे प्रथम समजून घ्यावे. पुलीच्या खाचेत चावी असते हे खरे. तथापि केवळ चावीच पुलीला फिरविते ही समजूत बरोबर नाही. अनेक इंजिनांत पुली बोल्टच्या दाबाने शाफ्टवर आवळली जाते व त्या घर्षणावरच बराचसा भार पेलला जातो. बोल्ट सैल राहिल्यास प्रत्येक झटक्याबरोबर चावी खाचेच्या कडांवर आदळते, खाच रुंदावते आणि अखेरीस शाफ्टचे टोकच निकामी होते. म्हणून कारखान्यात तो मुद्दामच जोराने आवळलेला असतो. पुढे डोक्याखाली व वायसरखाली गंज धरल्यामुळे तो अधिकच चिकटतो.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडावी व इंधन बंद करण्याची कळ ओढून ठेवावी. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. त्यामुळे चावी काढून खिशात ठेवली म्हणजे झाले, असे समजू नये. पान्याचे टोक जमिनीला टेकवून स्टार्टरचा झटका देण्याची युक्ती काही ठिकाणी प्रचारात आहे. तिच्यात पाना उसळून हातपाय मोडण्याचा धोका असल्याने ती सर्वथा वर्ज्य करावी.

खरी अडचण बोल्ट फिरविण्याची नसून शाफ्ट धरून ठेवण्याची असते. पाना ओढला की शाफ्टही बरोबर फिरतो. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून चाकांना ओंडके लावावेत, सर्वात वेगाचा गियर टाकावा व दोन्ही ब्रेक एकत्र जोडून दाबून ठेवावेत. क्लच घसरत असल्यास स्टार्टर काढून त्या जागेतून फ्लायव्हीलचे दाते अडविण्याचे खास साधन बसवावे. ज्या मोटारगाड्यांत टायमिंग बेल्ट असतो, त्यांचे इंजिन उलट फिरू न देण्याची विशेष दक्षता घ्यावी. कारण बेल्ट दाता सोडून सरकण्याचा संभव असतो.

पाना सहा कोनी सॉकेटाचाच घ्यावा. बारा कोनी सॉकेट घसरून डोके गोल करते. आता लांबीचा हिशोब पाहा. तीस सेंटिमीटर लांबीच्या दांड्यावर चाळीस किलोचा जोर लावला, तर बोल्टवर बारा किलोग्रॅम-मीटर पीळ पडतो. त्याच दांड्यावर पाइप चढवून लांबी एक मीटर केली, तर तेवढ्याच जोराने चाळीस किलोग्रॅम-मीटर पीळ मिळतो. मात्र दांडा लांबला की सॉकेट वाकडे होऊन निसटू पाहते, म्हणून त्याच्या खाली लाकडी ठोकळ्याचा आधार द्यावा. झटके न देता जोर हळूहळू वाढवीत न्यावा व पाइपच्या वाटेत कोणीही उभे राहू नये. सामान्यतः हे आटे सुलटे असतात. तरी पुस्तिका पाहून खात्री करावी, नाहीतर सोडविण्याऐवजी आवळण्यातच शक्ती खर्ची पडते.

गंजरोधक तेल टाकावे, परंतु त्यावर फार भिस्त ठेवू नये. बोल्ट शाफ्टच्या पोटात गेलेला असल्याने तेल आट्यांपर्यंत सहसा पोहोचत नाही. त्यापेक्षा बोल्टच्या डोक्यावर समोरून हातोडीचे हलके ठोके दिल्यास वायसरखालची गंजाची पकड मोकळी होते. ज्योतीने तापविणे मात्र टाळावे. जवळच डिझेल व रबर असते. एवढे करूनही बोल्ट न हलल्यास हवेवर चालणाऱ्या पान्यासाठी कार्यशाळेत जावे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

बोल्ट निघाल्यावर पुली पहारीने उचकटू नये, पुलर लावावा. काही पुल्यांत मध्ये रबराचे कडे असते, ते कडेला जोर दिल्याने सुटते.

बसविताना आटे स्वच्छ करावेत, चावी व खाच तपासावी आणि पुस्तिकेत सांगितलेला पीळ टॉर्क पान्याने मोजूनच द्यावा. ‘हाताला घट्ट लागले’ हे माप येथे उपयोगाचे नाही. उत्पादकाने नवा बोल्ट वापरण्यास सांगितले असल्यास जुना पुन्हा लावू नये. त्यानंतर इंजिन मंद गतीने चालवून पुलीची कड बाजूने न्याहाळावी. ती डुलताना दिसली, तर इंजिन तत्काळ बंद करून पुली पुन्हा उतरवावी.